‘हे शक्यच नाही’ म्हणायची बंदी उठवा

प्रति,
शनिवारी रात्री गच्चीवर पडदा बांधून ‘स्टार ट्रेक’ पाहणारी समस्त मंडळी,
त्रिमूर्तीनगर, नागपूर

विषय : लिफ्टशेजारी लावलेली सूचना

स. न. वि. वि.

लिफ्टच्या दाराशेजारी, टाकी धुण्याच्या तारखांच्या खाली तुम्ही चिकटवलेला कागद मी वाचला. ‘एपिसोड सुरु असताना आणि संपल्यावर कोणीही “हे शक्य नाही”, “असं होत नसतं”, “हे विज्ञानात बसत नाही” असं बोलू नये. सगळ्यांच्या आनंदात व्यत्यय येतो.’ खाली सही नाही, वर नाव नाही. तरी कागद कोणासाठी आहे हे आपल्या चौकीदारालासुद्धा समजलं. सोमवारी सकाळी दूध घ्यायला खाली उतरले तर तो म्हणाला, “काकू, तुमच्यावर नोटीस निघाली म्हणते जी.”

निघाली खरी. आणि ती चारचौघांत लावली आहे, म्हणून उत्तरही चारचौघांतच देते. हे पत्र त्याच कागदाखाली लागेल. लांब आहे. लिफ्टची वाट पाहताना एका दमात वाचून होणार नाही, दोन-तीन फेऱ्या लागतील. आपली लिफ्ट पाहता तेवढा वेळ प्रत्येकाला मिळतोच.

आधी माझा गुन्हा कबूल करते.

कोणता भाग पाहायचा याची त्या शनिवारी श्रीखंडाच्या डब्यातून चिठ्ठी निघाली ती ‘अरीना’ची. मे महिना, दिवसभर तापलेला स्लॅब. पोरांनी संध्याकाळपासून तीनदा पाणी मारलं होतं, तरी साडेनऊपर्यंत सतरंजीखालून ऊब येतच होती. पडद्यावर ओसाड खडकांमध्ये एंटरप्राइज या अंतराळजहाजाचा कॅप्टन कर्क घामाघूम होऊन पळत होता आणि मागून कोणीतरी म्हणालं, “याले म्हणा, दुपारी दोन वाजता वर्धा रोडवर येऊन पाह्य.” सगळे हसले. ते वाक्य तुमच्या नोटिशीत बसतं की नाही, कल्पना नाही.

जे त्या रात्री लग्नांच्या पंगतीत होते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा भाग अमेरिकेत १९ जानेवारी १९६७ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. सेस्टस-३ नावाच्या ग्रहावरची माणसांची वसाहत कोणीतरी बेचिराख केलेली असते. करणारे असतात गॉर्न, म्हणजे माणसाएवढे उंच, सरड्यासारखे प्राणी. कर्क त्यांच्या जहाजाचा पाठलाग करतो. वाटेत मेट्रॉन नावाचे कोणी अतिप्रगत लोक दोन्ही जहाजं जागच्या जागी थोपवतात आणि दोन्ही कप्तानांना उचलून एका निर्जन ग्रहावर ठेवतात. हातात शस्त्र नाही, पण शस्त्र बनवता येईल असं सामान तिथंच पडलेलं. जो जिंकेल तो सुखरूप जाईल, जो हरेल तो आपल्या जहाजासकट नष्ट होईल. आणि हे सगळं कशासाठी, तर म्हणे शांततेसाठी. कर्कला गंधक सापडतं, सोरा सापडतो, कोळसा सापडतो, हिरे सापडतात, बांबू सापडतो. त्यातून तो तोफ बनवतो, हिऱ्यांचे छर्रे भरतो आणि गॉर्नला पाडतो. मग गॉर्नचाच दगडी सुरा त्याच्या गळ्याला लावतो आणि मारत नाही.

नेमका तेव्हा, कर्कचा हात थांबला त्या क्षणाला, मी मोठ्यानं म्हणाले, “अहो, पण खाणीतला कोळसा चालत नाही! लाकडी कोळसा लागतो!”

पुढचं तुम्हाला माहीत आहे. प्रोजेक्टर सांभाळणाऱ्या मुलानं चित्र थांबवलं. “काकू, मधातच काहून बोलून राहिल्या?” असं एकजण म्हणाला, “बोलू दे ना, बरोबर सांगून राहिल्या त्या,” असं दुसरा. दहा मिनिटं वाद, मग पुन्हा चालू केलं तोवर कोणाचंच लक्ष उरलं नव्हतं. माझ्या शेजारी तिसऱ्या मजल्यावरची मुलगी बसली होती, यंदा सातवीत गेलेली. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि गुडघ्यांत तोंड घातलं. ते पाहणं मला अजून टोचतं. त्याबद्दल माफी मागते. सुरा गळ्यावर असताना कोळशाची प्रत काढू नये, एवढं भान मला या वयात असायला हवं होतं.

पण कोळशाची माफी मागणार नाही.

मी एकतीस वर्षं कोळशाच्या प्रयोगशाळेत काढली. पोत्यातून आलेला नमुना फोडायचा, दळायचा, चाळायचा, त्यातला एक ग्रॅम तोलायचा. ९०० अंशांच्या भट्टीत झाकणबंद सात मिनिटं ठेवला की जे उडून जातं ते बाष्पशील द्रव्य, ८१५ अंशांवर पूर्ण जाळला की मागे उरते ती राख. आपल्या वर्धा खोऱ्यातल्या, उमरेडकडच्या कोळशात राख किती, हे मला विचारा. भट्टीतून बशी बाहेर काढली की तिच्यातली राख पाहूनच नमुना कुठला, याचा आम्ही अंदाज बांधायचो. असा दगड कुटून घातला तर बंदुकीची दारू नीट पेटायचीच नाही, धूर करील आणि फुसफुसेल. लाकडी कोळसा वेगळा असतो. लाकूड हवेविना जळतं तेव्हा त्यातलं पाणी आणि डांबर निघून जातं आणि मागे छिद्राछिद्रांचा सांगाडा राहतो. बारीक घोटताना सोरा आणि गंधक त्या छिद्रांत जाऊन बसतात, म्हणून ते मिश्रण झपकन पेटतं. म्हणून तर जुने दारूवाले लाकूड निवडून घ्यायचे. आपल्याकडे तुऱ्हाट्यांचा हलका कोळसा यासाठी चांगला मानत. ज्या तुऱ्हाट्या आपण चुलीत घालून संपवल्या, त्यांच्या कोळशावर कोणाच्या तरी तोफा चालल्या असतील.

आणि तो स्पॉक! सगळ्या जहाजावर ज्याच्या तर्काचा दरारा, तो पडद्यावर पाहत बसून म्हणतो की आता गंधक आणि कोळशाचा साठा मिळाला की झालं, साधा कोळसाही चालेल. लाकडी कोळशाचा साठा कधी कोणी खडकात पाहिला आहे का? तो भट्टीत करावा लागतो. चुकला असता कर्क तर मी गप्प बसले असते, त्याच्या पायाला जखम झाली होती, मागे सरडा लागला होता. स्पॉक चुकला म्हणून मी उठून बसले.

सोऱ्याचंही तेच. बिहारचा सोरा घ्यायला ईस्ट इंडिया कंपनी कशी धडपडायची ते इतिहासात वाचलेलं आठवत असेल. तो सोरा यायचा कुठून, तर जिथं पिढ्यान्‌पिढ्या गुरं बांधली, शेण-मूत मुरलं, तिथल्या मातीवर फुललेल्या पांढऱ्या थरातून. या ग्रहावर एक गाय दिसत नाही आणि पांढरे खडे मात्र तयार. कर्क ते चाखून पाहतो आणि ओळखतो. चाखून! आमच्या प्रयोगशाळेत कोणी असं केलं असतं तर साहेबांनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

राहिला बांबू. माझं माहेर गडचिरोलीकडचं, तेव्हा या विषयावर मला बोलू द्यालच. आमच्याकडे मानवेल असतो तो जवळजवळ भरीव, काठ्या-लाठ्यांचा. पोकळ असतो तो कटांग. होळीत कटांगाचं बंद पेर टाकलं की आतली वाफ कोंडून ते असं फुटतं की म्हाताऱ्या शिव्या देत आत पळतात. नुसत्या वाफेपुढे जो तग धरत नाही तो दारूच्या स्फोटाला कसा टिकेल? ‘मिथबस्टर्स’ नावाच्या अमेरिकन कार्यक्रमानं कर्कची तोफ खरोखर बनवून पाहिली होती. बांबू फुटला. तोफेमागे कर्क उभा असता तर गॉर्नला काही करायची गरजच पडली नसती.

हे सगळं मला त्या रात्री सांगायचं होतं. भाग संपल्यावर सांगायला हवं होतं, तिथं चुकलं.

आता तुमच्या नोटिशीकडे येते. तुम्ही म्हणता, चुका काढल्यानं आनंद जातो. मग ‘कोर्ट मार्शल’ पाहिला ती रात्र आठवा. कर्कवर खटला चालतो आणि शेवटी तो सांगतो की जहाजाच्या संगणकाची ऐकण्याची ताकद आम्ही एकाच्या चौथ्या घाताइतकी वाढवू शकतो. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा आपला भाऊ पोह्यांचा घास तोंडात धरून ओरडला, “एकाचा चौथा घात एकच असते ना बे!” एक गुणिले एक गुणिले एक गुणिले एक. म्हणजे ताकद काडीनंही वाढली नाही. दहा मिनिटं आपण पोट धरून हसत होतो. तर्री सांडली, सतरंजीवरचा डाग अजून आहे. त्या रात्री कोणाच्या आनंदात व्यत्यय आला होता? कोणी नोटीस लावली होती? फरक एवढाच की तेव्हा बोलणारा वीस वर्षांचा होता आणि त्याला दोनच वाक्यं लागली. मी सदुसष्टची आहे आणि मला दहा मिनिटं लागतात. तेवढाच आक्षेप असेल तर तसं स्पष्ट लिहा.

माझं या मालिकेशी नातं तुमच्यापेक्षा जुनं आहे, हेही सांगून टाकते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही लागायची. महालातल्या आमच्या वाड्यात एकच टीव्ही, काळा-पांढरा, मालकांच्या बैठकीत. पंधरा-वीस जण दाटीवाटीनं बसायचो. तुम्ही लोक पहिल्या पाच मिनिटांत सांगता, लाल सदरेवाला आहे, हा मरणार. आम्हाला ते कधी कळलंच नाही. आमच्या टीव्हीवर सगळेच करडे होते. कोणीही कधीही मरायचं आणि आम्ही प्रत्येक वेळी चकित व्हायचो. रंग आल्यानं किती रहस्य गेलं पाहा.

त्या बैठकीतही चुका निघायच्या. पण त्या वेगळ्या असायच्या. मालकांच्या आई म्हणायच्या, “हे लोक जेवतात कवा?” आणि मी म्हणायचे, ही माणसं यंत्रात उभी राहून विरघळतात आणि खाली जाऊन पुन्हा घडतात, तर मधल्या वेळात ती असतात कुठे? पुढे वाचलं की हे विरघळणं निघालं पैशांच्या अडचणीतून. दर आठवड्याला एवढं मोठं जहाज वेगवेगळ्या ग्रहांवर उतरताना दाखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून माणसंच पाठवायची युक्ती काढली. अशा चुकांवर मी कधी बोट ठेवत नाही. गॉर्नचा रबरी अंगरखा, त्याची ती संथ चाल, दोघांची मारामारी म्हणजे जेवणानंतर भाऊबंद अंगणात फिरून राहिले असं वाटतं, त्यावर हसणं स्वस्त आहे. त्या अंगरख्यात कोणी माणूस कॅलिफोर्नियाच्या उन्हात उभा होता. नागपूरकरानं तरी त्याची कीव करावी.

तसेच ते खडक. लॉस एंजेलिसजवळचे व्हास्केझ रॉक्स. याच मालिकेत ते आणखी ग्रह म्हणूनही येतात आणि मग पोरं म्हणतात, “हा तर मागचाच ग्रह आहे.” असू दे. जवळ होते, तिरपे होते, वापरले. उद्या मराठीत कोणी अशी मालिका काढली तर त्यानंही दूर जाऊ नये. इथून गाडी काढली की काही तासांत लोणार. पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद, बसाल्टमध्ये उल्केनं पाडलेला खड्डा आणि आत खारं तळं. जून २०२० मध्ये तर ते पाणी आपणहून गुलाबी झालं. रंगाचा खर्चही वाचेल.

तेव्हा मी सरसकट सगळ्यावर तुटून पडते, हा आरोप खोटा आहे. पैसे नव्हते म्हणून राहिलेलं मी सोडून देते. माहीत करून घेता आलं असतं आणि घेतलं नाही, ते मी सोडत नाही. लाकडी आणि खाणीतला कोळसा यांतला फरक समजून घ्यायला १९६७ मध्ये एक छदामही लागला नसता.

आणि ज्यांनी ही मालिका केली त्यांना तुमच्यासारखी चुका काढणाऱ्यांची ॲलर्जी नव्हती, हेही ऐका. ‘अरीना’ची पटकथा जीन कून यांनी लिहिली. ती तपासताना तपासणाऱ्यांच्या लक्षात आलं की फ्रेडरिक ब्राउन यांच्या १९४४ सालच्या, याच नावाच्या कथेशी ही फारच जुळते. मग ब्राउन यांच्याशी बोलून त्यांना रीतसर श्रेय दिलं गेलं. आज आपण श्रेयनामावलीत त्यांचं नाव वाचतो ते कोणा तरी खोडसाळ वाचणाऱ्यामुळे. त्याच्या टेबलाशेजारी तुमची नोटीस लावलेली असती तर?

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर जयंत नारळीकरांचं घ्या. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी केली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. एवढा मोठा शास्त्रज्ञ, नाव घालून पाठवली असती तर कोण चूक काढणार होतं? तीच त्यांना नको होती, ती सवलत. कथा परीक्षकांसमोर उघडी उभी राहावी, एवढंच हवं होतं. बक्षीस मिळालं, मग नाव कळलं.

म्हणजे लिहिणाऱ्याला चालतं, करणाऱ्याला चालतं, पाहणाऱ्यालाच फक्त चालत नाही.

बरं, आपण राहतो कुठे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ज्या शहरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तिथं. बडग्यांच्या पाट्यांवर महागाईपासून खड्ड्यांपर्यंत कोणाला सोडत नाही आपण. “घेऊन जा गे मारबत” म्हणत हजारो लोक जागनाथ बुधवारीपासून गळा काढतात. त्या गर्दीत तुमच्यातले चौघे मी स्वतः पाहिले आहेत, एकाच्या हातात पाटी होती. आणि गच्चीवर मात्र मौनव्रत.

गेल्या शनिवारी मी ते व्रत पाळलं. चिठ्ठी निघाली ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ची, २९ डिसेंबर १९६७ चा भाग. केसाळ गोळे, दिसायला गोड, खातात आणि वितात, वितात आणि खातात. धान्याच्या कोठारातून त्यांचा ढीग कर्कच्या डोक्यावर कोसळतो आणि स्पॉक उभ्या उभ्या आकडा सांगतो : १७,७१,५६१. मी अंधारात तळहातावर बोटानं हिशेब मांडला. एका ट्रिबलपासून सुरुवात, एका वेळी सरासरी दहा पिल्लं, दर बारा तासांनी नवी पिढी, तीन दिवस. म्हणजे सहा पिढ्या. आई आणि दहा पिल्लं मिळून अकरा, मग १२१, मग १,३३१, मग १४,६४१, १,६१,०५१ आणि १७,७१,५६१. अकराचा सहावा घात. बरोब्बर! एकाचाही फरक नाही. ज्या मालिकेनं एकाच्या चौथ्या घातात माती खाल्ली, तिनंच अकराच्या सहाव्या घातात पैकीच्या पैकी मिळवले.

मला ओरडून सांगायचं होतं की अरे, हा बरोबर आहे! आणि ओठांवर आलेलं गिळलं. कारण नोटीस. ‘हे शक्य नाही’ म्हणायला बंदी आहे, ‘हे शक्य आहे’ म्हणायलाही आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. शिवाय त्या हिशेबात एक खोच आहेच. पिल्लू जन्मल्यापासून बारा तासांत स्वतः विणार, तरच हा आकडा जमतो. तर डॉक्टर मॅकॉय आधीच सांगून ठेवतो की हे प्राणी जन्मतःच गाभण असावेत असं दिसतं. लिहिणाऱ्यानं भोक बुजवून ठेवलंय. चूक शोधायला गेले म्हणून ते बुजवलेलं भोक मला दिसलं. नाही तर मीही इतरांसारखी गोळे मोजत बसले असते. किती सुंदर काम आहे ते, आणि मला ते कोणाला दाखवता आलं नाही. उतरताना जिन्यात एकटीच पुटपुटत होते.

पण हे पत्र मी माझ्या पुटपुटण्यासाठी लिहीत नाही. त्याच रात्री, भाग संपल्यावर, सतरंज्या झटकताना ती सातवीतली मुलगी म्हणाली, “पण मागच्या वेळचे ते मेट्रॉन आहेत ना, ते तर…” आणि कोणीतरी, कोण ते मला माहीत आहे, हसत म्हणालं, “नोटीस नाही वाचली का बे?” चेष्टाच होती. सगळे हसले, तीही हसली आणि गप्प झाली. सतरंजीची घडी घालून निघून गेली.

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, मेट्रॉनचं काय म्हणत होतीस? ती आधी सांगेना. मग म्हणाली, “आजी, ते मेट्रॉन स्वतःले लई सुधारलेले म्हणवतात ना? मग दोघायले मरेपर्यंत लढा म्हणून काहून सांगतात? आणि जो हरते त्याच्या जहाजावरच्या बाकीच्या लोकायनं काय केलं?”

एंटरप्राइजवर चारशे तीस माणसं आहेत. मी कोळसा तोलत बसले आणि ती चारशे तीस माणसं मोजत होती. गॉर्नच्या जहाजावरची वेगळीच. शांततेसाठी म्हणून ते सगळे जाळून टाकायचे आणि शेवटी पांढऱ्या झग्यातल्या त्या देखण्या पोरासारख्या मेट्रॉननं, वय वर्षं पंधराशे, कर्कच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं करून म्हणायचं की तुम्ही लोक अजून अर्धे रानटीच आहात. आणि आपण सगळे, मी धरून, तो शहाणा आहे असं मानून उठलो.

मला उत्तर देता आलं नाही. तिसरा मजला आला, ती उतरली. मी चौथ्यावर जाऊन कुलूप उघडेपर्यंत विचार करत होते, अजून करते आहे. मेट्रॉन त्यांची परीक्षा घेत होते म्हणावं, तर परीक्षा घेणाऱ्यानं नापास होणाऱ्याला जाळायचं नसतं. खरंच मारणार नव्हते, नुसती भीती घातली म्हणावं, तर तसं ते कुठे बोलत नाहीत. कोणाला सुचत असेल तर सांगा, मला ऐकायचं आहे.

आणि याच भागात आणखी काय आहे ते पाहा. खाली दोघं झगडत असताना गॉर्न मेट्रॉननी दिलेल्या भाषांतराच्या यंत्रातून कर्कला ऐकवतो की तुम्ही आमच्या हद्दीत येऊन वसाहत केली, आम्ही घुसखोरांना हाकललं. वर जहाजावर मॅकॉय हे ऐकतो आणि तो एकटाच बोलून दाखवतो, हे खरं असेल का? म्हणजे चूक आपलीच असेल का? स्पॉकही म्हणतो, असू शकतं. त्या वाक्यापर्यंत आपण सगळे कर्कच्या बाजूनं गॉर्नला मारायला निघालो होतो. वीस मिनिटांपूर्वी जळालेली वसाहत पाहिली होती. मॅकॉयच्या त्या एका शंकेनंतर गोष्ट वळते. सुरा थांबतो तो अचानक वाटत नाही, त्याला त्या शंकेचं पाणी लागलेलं असतं. एंटरप्राइजच्या लिफ्टशेजारी तुमची नोटीस लावली असती तर मॅकॉय गप्प बसला असता.

ती मुलगी मॅकॉयच्या एक पाऊल पुढे गेली होती. त्यानं विचारलं, गॉर्नचं बरोबर असेल का. तिनं विचारलं, पंचाचं तरी बरोबर आहे का. आणि माझं तोंड बंद करायला लावलेल्या कागदानं बंद झालं तिचं.

म्हणून माझी मागणी आहे की तो कागद काढावा. मला वेगळी सवलत नको. भाग सुरू असताना मी एक शब्द बोलणार नाही, स्पॉक सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणाला तरी. शेवटच्या पाट्या वर गेल्या की मात्र प्रत्येकाला बोलू द्या, आणि पहिली पाळी सगळ्यांत लहान असेल त्याची किंवा तिची. माझी शेवटची. मोबाइलवर पाच मिनिटं लावून ठेवा, घंटी वाजली की मी थांबेन. कोणाला ऐकायचं नसेल तर त्यानं खुशाल खाली जाऊन आइसक्रीम घेऊन यावं, माझ्यासाठीही आणावं.

आणि एक. पुढच्या शनिवारी मी दोन पुरचुंड्या घेऊन येते आहे. एकीत उमरेडच्या कोळशाचा खडा आहे, निवृत्त होताना आठवण म्हणून आणलेला, टीव्हीवर ठेवलेला असतो. दुसरीत लाकडी कोळसा, इस्त्रीवाल्याकडून मागून आणलेला. दोन्ही हातात घेऊन वजन पाहा, नखानं खरवडून पाहा. पेटवणार काही नाही, सेक्रेटरीसाहेबांनी काळजी करू नये. त्या मुलीनं आधी हात लावावा, मग बाकीच्यांनी. हात काळे होतील, गच्चीवरचा नळ चालू ठेवायला सांगा.

आपली,
चौथ्या मजल्यावरची काकू

ता. क. तुमच्या सूचनेच्या पहिल्याच ओळीत ‘सुरु’ लिहिलं आहे. ते ‘सुरू’ हवं, शेवटचा रु दीर्घ. पेननं दुरुस्त करणार होते, पण मग म्हटलं, कागद निघणारच आहे.